गाडीच्या तोंडाला जाळी लावावी का?

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून 2025 मध्ये सुरू झाला आणि नागपूरहून थेट भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत 701 किलोमीटरचा रस्ता सलग झाला. कारला तिथे सपाटीवर ताशी 120 किलोमीटरची मुभा आहे. पावसाळा सरता सरता एखाद्या रात्री या रस्त्याने आलेली गाडी सकाळच्या उजेडात बघा. बंपर, नंबरप्लेट, हेडलाइट, सगळीकडे किड्यांचा थर बसलेला असतो. काच आणि बंपर आपण पुसून घेतो. पण गाडीच्या नाकाला जी भोकं आहेत, तिथून आत गेलेल्या किड्यांचं काय झालं, हे बहुतेक जण बघतच नाहीत.

जे बघतात ते हार्डवेअरच्या दुकानातून खिडकीला लावायची डासांची जाळी आणतात, कात्रीने कापतात आणि प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी ग्रिलमागे बांधून टाकतात. हे बरोबर की चूक? मेकॅनिकला विचारलं तर एक म्हणतो लावाच, दुसरा म्हणतो गाडी गरम होईल. गंमत अशी की दोघंही खरं बोलत असतात. ते कसं, हे समजायला आधी आत काय चालतं ते बघू.

बशीतला चहा

इंजिनात जळणाऱ्या इंधनाची ढोबळमानाने तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही कमी ऊर्जा गाडी ओढायला लागते. उरलेली उष्णता होते. तिच्यातली बरीचशी धुरासोबत सायलेन्सरमधून जाते, आणि बाकीची इंजिनाभोवती फिरणाऱ्या पाण्याने उचलावी लागते. या पाण्यात गंज आणि उकळणं रोखणारं रसायन मिसळलेलं असतं, म्हणून त्याला कूलंट म्हणायचं. इंजिनातून तापून आलेलं कूलंट रेडिएटरमध्ये जातं आणि तिथे निवून परत येतं.

निवतं कसं? आजोबा चहा निववायचे तसंच. कपातला चहा लवकर निवत नाही, कारण हवेला लागणारा त्याचा पृष्ठभाग कमी. बशीत ओतला की तो पसरतो, वर फुंकर मारली की झटकन पिण्याजोगा होतो. रेडिएटर म्हणजे शेकडो बश्या एकावर एक रचून ठेवल्यासारखा आहे. कूलंट चपट्या नळ्यांमधून जातं आणि नळ्यांच्या मध्ये कागदासारख्या पातळ ॲल्युमिनियमच्या घड्या बसवलेल्या असतात. त्यांना फिन म्हणतात. दोन फिनमधली फट साधारण एक ते दोन मिलिमीटर. फुंकर मारायचं काम दोघांचं: गाडी वेगात असेल तर समोरून आदळणारी हवाच पुरते, गाडी सिग्नलला किंवा घाटात रांगत असेल तर रेडिएटरमागचा पंखा हवा ओढून घेतो.

म्हणजे एक ते दोन मिलिमीटरच्या त्या फटी मोकळ्या असणं हेच सगळ्याचं मूळ. आणि त्या बरोबर गाडीच्या तोंडाशी, रस्त्याच्या सगळ्या घाणीसमोर उघड्या बसलेल्या असतात.

समोर दिसतो तो रेडिएटर नव्हेच

इथे बहुतेकांची गफलत होते. ग्रिलमधून वाकून बघितलं की जी करडी, बारीक घड्यांची चौकट दिसते, ती एसी असलेल्या गाड्यांत सहसा रेडिएटर नसते. ती एसीची असते. तिला कंडेन्सर म्हणतात. घरातल्या एसीचा गॅलरीत लटकणारा डबा जे काम करतो, तेच ही करते: केबिनमधून उचललेली उष्णता बाहेर टाकते. खरा रेडिएटर तिच्या मागे, मध्ये थोडीशी फट सोडून उभा असतो.

या रचनेचे दोन परिणाम होतात. खडा उडून आला तर त्याचा पहिला मार कंडेन्सर खातो. त्यातला गॅस मोठ्या दाबाखाली असतो, त्यामुळे बारीकशी चीर पडली तरी तो निघून जातो, एसी बंद पडतो आणि काही हजारांचं काम निघतं. दुसरा परिणाम लवकर लक्षात येत नाही. कंडेन्सरच्या कडेने आणि फटींतून आत शिरलेला बारीक कचरा त्या दोघांच्या मधल्या फटीत साचतो. समोरून बघितलं तर कंडेन्सर स्वच्छ, मागून बघितलं तर पंखा आणि त्याची चौकट आड येते, आणि मधे मात्र सतरंजीसारखा थर बसलेला असतो. दोन-तीन पावसाळे झालेल्या गाडीत तो असतोच असं धरून चाला.

आत जातं तरी काय काय

आपल्याकडे हे ऋतूवर ठरतं. पहिला पाऊस पडला की संध्याकाळी वाळवीचे पंख फुटलेले किडे थव्याने उठतात, दिव्याकडे झेपावतात, आणि अंधाऱ्या रस्त्यावर सगळ्यात मोठा दिवा म्हणजे आपला हेडलाइट. भात पोटरीवर येतो त्या सुमारास बारीक हिरव्या तुडतुड्यांचं तेच. किडा फिनवर आपटला की ओला चिकटतो, वाळल्यावर कडक होतो आणि मग त्याच्यावर धूळ बसत जाते.

उन्हाळ्याच्या तोंडाशी काटेसावरीचा कापूस उडतो. रुईच्या बिया, ज्यांना लहानपणी आपण म्हाताऱ्या म्हणून पकडत होतो, त्याही त्याच सुमारास हवेत तरंगतात. हातावर बसल्या तर जाणवतही नाहीत इतक्या हलक्या. पण तेलकट धुळीच्या फिनवर एकदा बसल्या की लोकरीच्या गुंत्यासारख्या एकमेकींना धरून ठेवतात. हवा अडवण्यात खड्यापेक्षा त्यांचा वाटा मोठा, हे ऐकून आश्चर्य वाटतं. पण एकदा कंडेन्सर उघडलेला बघितला की पटतं.

आणि ऊस. गाळप हंगाम सुरू झाला की सांगली, कोल्हापूर, साताऱ्याच्या रस्त्यांवर ट्रॉल्यांची रांग असते. ट्रॉलीमागे वीस मिनिटं गेलात तर पाचटाचे तुकडे गाडीच्या नाकात शिरणारच. कारखान्याच्या आसपास बगॅसची, म्हणजे पिळलेल्या उसाच्या चोथ्याची, भुकटी हवेत असते, तीही. एकदा जानेवारीत कराडच्या बाजूने पुण्याला येताना आमची गाडी खंबाटकी चढताना तापली. काटा लाल रेघेकडे सरकला, तेव्हा कडेला घेऊन थांबलो. कूलंट पूर्ण होतं, पंखा चालू होता, कुठे गळती नाही. दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने कंडेन्सर पुढे ओढून मधली फट दाखवली. गादीत भरावा तसा कापूस, पाचट आणि किडे. त्या फटीत कुणी कधी हातच घातला नव्हता, मीही नाही.

खड्यांची गोष्ट वेगळी. ते हवा अडवत नाहीत, ते फोडतात. वेग दुप्पट झाला की आदळण्याची ऊर्जा चौपट होते. पाच ग्रॅमचा खडा ताशी 100 किलोमीटरने आदळला तर दोनशे ग्रॅमचं वजन एक मीटरवरून सोडल्याइतका मार बसतो, तोही एका टोकावर आणि कागदासारख्या पत्र्यावर. म्हणून नव्याने डांबर आणि खडी टाकलेल्या रस्त्यावर पुढच्या ट्रकपासून अंतर ठेवणं हे कुठल्याही जाळीपेक्षा मोठं संरक्षण आहे. त्याला पैसेही पडत नाहीत.

अडलं तर लगेच कळत का नाही?

कारण गाडी ते लपवते. इंजिन आणि रेडिएटर यांच्या मध्ये थर्मोस्टॅट नावाचा आपोआप उघडणारा नळ असतो. कूलंट तापलं की तो जास्त उघडतो, निवलं की मिटतो. रेडिएटर थोडा तुंबला की नळ थोडा जास्त उघडतो आणि काटा जिथल्या तिथे राहतो. आणखी तुंबला, आणखी उघडतो. घरखर्च वाढत चालला तरी ठेवीतून काढून महिना भागवावा, तसं. वरवर सगळं ठीक दिसतं. नळ पूर्ण उघडला की ठेव संपली, आणि त्यानंतर काटा पाच मिनिटांत चढतो. त्यात पुष्कळ गाड्यांचा काटा मुद्दाम असा बसवलेला असतो की मधल्या पट्ट्यात तापमान थोडं वरखाली झालं तरी तो हलत नाही. काही गाड्यांत तर काटाच नसतो, थेट लाल दिवा लागतो.

ही ठेव कधी संपते ते हिशेबाने बघू. रेडिएटर किती उष्णता टाकू शकतो हे कूलंट आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. कूलंट 95 अंश आणि हवा 25 अंश असेल तर फरक 70. विदर्भातल्या मे महिन्यात हवा 45 अंश असते, तर फरक 50. म्हणजे कचरा नसतानाच रेडिएटरची ताकद जवळजवळ 29 टक्क्यांनी उतरली. त्यात एसी चालू असेल तर कंडेन्सरने तापवलेली हवा रेडिएटरला मिळते. त्यात पाच माणसं, सामान, घाट, दुसरा गिअर, म्हणजे समोरून येणारी हवा नाहीच, सगळी भिस्त पंख्यावर. थंडीत वर्षभराचा कचरा पोटात घालून निवांत चाललेली गाडी कसारा घाटात मे महिन्यात का उभी राहते, त्याचं उत्तर इथे आहे.

लवकर कळण्याची एक खूण मात्र आहे. चालत्या गाडीत एसी गार असतो आणि सिग्नलला थांबलं की कोमट होतो, असं व्हायला लागलं तर गॅस भरायला धावण्याआधी कंडेन्सरसमोर कचरा आहे का आणि पंखा फिरतो का, हे बघून घ्या. तुंबलेल्या नाकाची पहिली तक्रार इंजिन नाही, एसी करतो.

मग जाळी लावली की प्रश्न संपला?

नाही. जाळी कचरा नाहीसा करत नाही. आत साचणारा कचरा ती बाहेर, हाताला येईल अशा जागी साचवते. हात फिरणार असेल तर हा सौदा फार चांगला आहे. फिरणार नसेल तर नुकसानीचा आहे.

आकडे बघू. डासांच्या जाळीत एका इंचात साधारण 16 ते 18 तारा असतात. तारांचीच जागा मोजली तर जाळीचा तिसरा हिस्सा कोरी असतानाच झाकलेला असतो. याचा अर्थ हवा तिसऱ्या हिश्श्याने घटते असा नाही. कंडेन्सर आणि रेडिएटर हेच हवेला त्याहून कितीतरी जास्त अडवतात, त्यामुळे कोऱ्या जाळीचा फरक वाटतो त्याहून कमी पडतो. खरी अडचण पुढे आहे. एक मिलिमीटरच्या भोकात चिलटही अडकतं. एका रात्रीच्या प्रवासात ती भोकं बुजू लागतात, आणि चहाची गाळणी चोथ्याने भरल्यावर जे होतं ते होतं.

याउलट पाच मिलिमीटरची भोकं आणि अर्ध्या मिलिमीटरची बारीक तार असलेली जाळी घेतली तर झाकलेली जागा साधारण 17 टक्के राहते. चिलटं तिच्यातून जातील, पण मोठे किडे, पानं, पाचट, प्लॅस्टिकचे कपटे आणि बरेचसे खडे अडतील. माझं मत विचाराल तर हीच जाळी घ्यावी. भोक मोठं असण्याइतकीच तार बारीक असणंही महत्त्वाचं, हे दुकानात उभं असताना लक्षात ठेवा. जाड तारेची मोठ्या भोकांची जाळीही बरीच जागा खाते.

या सगळ्यात एक पेच आहे. किडे येतात ते सपाट, मोकळ्या रस्त्यावर, वेगात. तिथे जाळी भरली तरी हवेचा मारा इतका असतो की गाडीला फरक पडत नाही. त्याची किंमत चुकवावी लागते ती दुसरीकडे, घाटात किंवा वाहतूक कोंडीत, जिथे हवा नाही. रात्री समृद्धीने आलात आणि जाळी न पुसता सकाळी सह्याद्रीतला एखादा घाट चढायला घेतलात, तर रात्रीचे किडे सकाळी हिशेब मागतात.

"इतकी गरज होती तर कंपनीने का दिली नाही?"

रास्त प्रश्न. कंपनी गाडी बनवते ती असं धरून की मालक बोनेट वर्षातून एखाददुसऱ्या वेळी उघडेल. अशा मालकाच्या गाडीला बारीक जाळी देणं म्हणजे संकट देणं. त्यापेक्षा कचरा थोडा आत गेलेला परवडला.

पण जिथे हात फिरणार याची खात्री आहे, तिथे कंपन्या जाळी देतातच. ट्रॅक्टर बघा. मळणीच्या दिवसांत ट्रॅक्टर एका जागी उभा राहून तासन्‌तास मळणी मशीन चालवतो. चहूकडे भुसा उडत असतो आणि पंखा तो ओढत असतो. म्हणून कित्येक ट्रॅक्टरांना रेडिएटरसमोर बारीक जाळी असते, तीही हाताने सरकवून बाहेर काढता येईल अशी. चालवणारा अधूनमधून मशीन थांबवतो, जाळी काढतो, झटकतो, परत बसवतो. त्याला कुणी थर्मोस्टॅट समजावलेला नसतो, पण जाळी झटकली नाही की ट्रॅक्टर उकळतो, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. कारवाल्याने शिकायचं तर याच्याकडून.

"आमच्या काकांच्या जीपला वीस वर्षं डासांची जाळी होती, काही झालं नाही"

होऊ शकतं. जुन्या जीपचं नाक उघडं, हात सहज पोचणारं. तिच्यावर एसीचा बोजा नव्हता. पंखा इंजिनालाच जोडलेला, म्हणजे इंजिन चालू तोवर फिरणारच. आणि काका बहुधा रविवारी गाडी स्वतः धूत असणार. आजच्या गाडीचं वरचं ग्रिल बऱ्याचदा शोभेपुरतं बंद असतं, आणि बरीचशी हवा खालच्या बंपरमधल्या रुंद तोंडातून आत जाते. काकांचा उपाय तसाच्या तसा इथे चालत नाही.

काही जण पुढे लोखंडी नळ्यांचा बुलबार लावतात आणि रेडिएटर वाचेल असं समजतात. किडे आणि खडे त्या नळ्यांच्या मधून आरामात जातात. शिवाय पायी चालणाऱ्याला तो घातक ठरतो, आणि डिसेंबर 2017 मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने अशा गार्डवर कारवाई करायला राज्यांना कळवलेलं आहे. त्याच्या वाटेला जाऊ नका.

लावायचीच तर

गंज न धरणारी जाळी घ्या, स्टेनलेस स्टीलची किंवा ॲल्युमिनियमची. ती बंपरच्या तोंडाशी, तिथल्या प्लॅस्टिकच्या दांड्यांना बांधा. कंडेन्सरला टेकू देऊ नका, आणि कंडेन्सरच्या फिनमधून बांधायची पट्टी ओवून तर मुळीच बांधू नका. रोजच्या हादऱ्यांनी ती घासत राहते आणि एक दिवस नळी कापते. बांधणी अशी हवी की दोन मिनिटांत सुटेल.

नव्या गाडीत आपोआप ब्रेक लावणारी किंवा पुढच्या गाडीशी अंतर राखणारी सोय असेल, तर तिचा रडार बऱ्याचदा याच भागात, ग्रिलच्या किंवा बंपरच्या आड बसवलेला असतो. धातूची जाळी रडारच्या लहरी अडवते. अशा गाडीत आधी सर्व्हिस सेंटरला रडारची जागा विचारा आणि ती मोकळी सोडा. वॉरंटीचंही तेव्हाच विचारून घ्या.

शेतात सावलीसाठी लावायची हिरवी शेडनेट वापरू नका. ती वाऱ्याने फुगते, फाटते, आणि तिचा तुकडा पंख्यात गेला तर पाती मोडते.

धुवायचं कसं

जाळी असो नसो, वर्षातून दोनदा कंडेन्सर आणि रेडिएटर धुवा: एकदा पावसाळा आणि ऊस असे दोन्ही हंगाम संपल्यावर, उन्हाळ्याच्या तोंडावर, आणि एकदा दिवाळीच्या आसपास.

इंजिन पूर्ण थंड हवं आणि किल्ली काढलेली हवी. तरीही पंख्यात बोटं घालू नका, कारण बऱ्याच गाड्यांत विजेचा पंखा गाडी बंद असतानाही आपोआप फिरू लागतो. वाळलेल्या किड्यांवर ओलं फडकं दहा-पंधरा मिनिटं ठेवा. दशमीचं पीठ वाळून चिकटलेली परात आपण भिजत घालतो, तसं. मग बागेच्या साध्या पाइपने पाणी सोडा, आणि जमेल तिथे इंजिनाच्या बाजूने पुढे. कचरा पुढून आत शिरलाय, तर तो आल्या वाटेने मागे जाऊ द्या; पुढून पाणी मारलंत तर तो आणखी घट्ट बसेल.

वॉशिंग सेंटरचा जोराचा फवारा इथे जवळून मारू देऊ नका. फिन इतके नाजूक असतात की फवाऱ्याने आडवे पडतात, आणि आडवा पडलेला फिन म्हणजे कायमची बंद झालेली फट. थोडे वाकलेले फिन सरळ करायला बारीक दातांची फणी मिळते, पण ते चिकाटीचं काम आहे. साबण वापरायचा तर गाडीचा शांपू. ॲसिड किंवा कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियम खातं, ते लांब ठेवा. आणि कंडेन्सर व रेडिएटरच्या मधली फट साफ करायची असेल तर कंडेन्सर थोडा पुढे ओढावा लागतो. ते मेकॅनिककडूनच करून घ्या, पण सांगून करून घ्या. "सर्व्हिसिंग" एवढ्या एका शब्दात ते क्वचितच येतं.

बाइक आणि इलेक्ट्रिक गाड्या

स्प्लेंडरसारख्या हवेवर थंड होणाऱ्या बाइकला रेडिएटरच नसतो, तिथे इंजिनाच्या फिनवरचा चिखल धुतला की झालं. पण पल्सर एनएस 200, केटीएम ड्यूक किंवा नवी हिमालयन 450 यांना रेडिएटर असतो, आणि तो पुढच्या चाकाच्या अगदी मागे असतो. इथे किड्यांपेक्षा चाकानेच उडवलेल्या खड्यांचा आणि चिखलाचा मारा जास्त. धातूचा गार्ड बसवणं योग्यच, पण त्याआधी पुढच्या मडगार्डला खाली जोडायची प्लॅस्टिकची शेपटी लावा. खडा रेडिएटरकडे निघतो तिथेच ती त्याला अडवते. पावसात गार्ड आणि रेडिएटर यांच्या मध्ये चिखल थापला जातो, वाळला की विटेसारखा होतो. ओला असतानाच पाणी मारा.

इलेक्ट्रिक गाडीला इंजिन नाही म्हणून ही कटकट नाही, असं समजू नका. तिलाही एसीचा कंडेन्सर असतो, आणि बॅटरी पाण्याने थंड होणारी असेल तर तिच्यासाठी रेडिएटरही. बॅटरी नीट निवली नाही की गाडी स्वतःच ताकद आणि चार्जिंगचा वेग उतरवते. वाफ उठत नाही, त्यामुळे दोष चार्जिंग स्टेशनला दिला जातो.

धुतल्यावर पूर्ण साफ झालं का, हे बघायची सोपी रीत आहे. अंधार पडल्यावर बोनेट उघडा, रेडिएटरमागे पोचेल तिथून मोबाइलचा टॉर्च लावा आणि दुसऱ्याला समोरून बघायला सांगा. फटी मोकळ्या असतील तिथे उजेडाचे बारीक ठिपके दिसतील. जिथे काळा डाग दिसेल, तिथे पुन्हा पाणी सोडा.